यादीतली नऊ वर्षं

हुकूम घेऊन आलेला पोलीस जवान ओसरीवर बसून दोन पेले ताक प्यायला, मग त्यानं मिशा पुसल्या आणि मामंजींच्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. कागद उर्दूत होता. आमच्या गावात उर्दू वाचणारं कोणी नव्हतं, तेव्हा त्यानंच तोंडी सांगितलं.

"पाटील, आठ दिसांत यादी पायजे. गावात परमुलखातून आलेलं जे कोणी असंल ते सगळं लिहा. कुठून आलं, काय करतं, किती वर्सं झाली. पंधरा वर्सांच्या वरचं असंल तर तकलीफ न्हाई. आतलं असंल तर त्यानं तालुक्याहून मुल्कीचा, म्हंजे ह्याच मुलखाचा असल्याचा, कागद आणायचा. न्हाई आणला तर सरहद्दीपार."

"बायामाणसं बी?" मामंजींनी विचारलं.

"माणूस म्हंजे माणूस," तो म्हणाला आणि सायकल काढून शेजारच्या गोरेगावच्या वाटेला लागला.

मी आतल्या दाराशी तूर निवडत बसले होते. मला सगळं ऐकू आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कधीतरी मीच स्वतःला सांगू लागले होते की पंधरा वर्षांचं मला नीट माहीत नव्हतं. माहीत होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावचे पोलीस पाटील होते. गाव हैदराबादच्या राज्यात. त्या राज्याला आमच्याकडे मोगलाई म्हणत. गावाच्या उत्तरेला दोन कोसांवर पैनगंगा, आणि नदी ओलांडली की वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी असे. उतारावर एक नाका होता, तिथं दोन शिपाई मालाच्या गाड्या तपासत. चालत्या माणसाला कोणी अडवत नसे. पण त्या साली, अडतीस-एकोणचाळीसच्या सुमारास, बाहेरच्या मुलखातून माणसं टोळ्यांनी सत्याग्रह करायला येत होती, तुरुंग भरत होते, आणि सरकारला एकाएकी आपली सरहद्द आठवली होती.

मी त्या नदीच्या पलीकडची. माझं माहेर रिसोडच्या बाजूचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे मुलगी असून चौथीपर्यंत शिकले. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मोगलाईत आले. गाडीनं एका दिवसाची वाट, पण आईनं असं रडून पाठवलं की जणू मी समुद्रापलीकडे चालले होते.

सासरी मला कोणी छळलं नाही. तसं झालं असतं तर सांगायला तरी काही असतं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कमी बोलायच्या. यजमान हिंगोलीला सरकी काढायच्या कारखान्यात हंगामावर होते. दिवाळी झाली की जायचे ते होळीला घरी यायचे, मधून एखादा दिवस डोकावले तर डोकावले. मूलबाळ नव्हतं. गावातल्या बायकांत बसायला गेले आणि तोंडातून "मले" निघालं की त्या हसायच्या. वाईट हसणं नव्हतं ते. एखादी म्हणायची, "बोल की गं वऱ्हाडणी, मले-तुले बोल." मग मी गप्प व्हायचे. हळूहळू इतकी गप्प झाले की दिवसभरात "व्हय" आणि "न्हाई" याखेरीज माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

पिंजारीण मावशी मला भेटली ती अशीच. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आत्याबाईंनी जुन्या गादीचा कापूस पिंजायला पाठवला. चावडीच्या मागं एक शाकारलेलं खोपट होतं, तिथं मुसलमान पिंजारी आणि त्याची बायको राहत. तो आत पिंजण वाजवत होता, कापसाची धूळ दारातून बाहेर येत होती. ती उंबऱ्यावर बसून रजईला टाके घालत होती. मी गाठोडं ठेवलं आणि काय बोलावं ते न सुचून उभी राहिले.

"कायले उभी रायली वं माय?" ती म्हणाली. "बस नं."

मी बसले आणि रडायला लागले. तिनं सुई बाजूला ठेवली नाही, टाका घालता घालताच विचारलं, "कोनतं गाव तुह्यं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या शाळेतल्या मास्तरच्या घरच्या गाद्या म्याच शिवल्या होत्या. तू त्या मास्तरची तं नाई?"

मी त्याच मास्तरची होते.

ती दोघं वऱ्हाडातून आमच्या गावात आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिकडे कापूस पिंजायची यंत्रं आली, काम सुटलं, म्हणून इकडे आली. दोघंही पन्नाशीच्या आगेमागे. मूल नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला पोरी म्हणायची. आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी निमित्त काढून मी तिच्याकडे जायचे. फाटकी उशी न्यायची, सुई मागायची, काही नसलं तर सरळ जाऊन बसायची. आम्ही काही मोठं बोलायचो नाही. रिसोडच्या बाजारात कोणत्या कोपऱ्यावर कोण बसतं, आमच्या शाळेमागची विहीर अजून गोड आहे का, असलंच. पण ते मी माझ्या भाषेत बोलायचे. घरी परत आले की पुन्हा "व्हय" आणि "न्हाई".

अशी सात वर्षं गेली. तिला गावात येऊन नऊ झाली होती.

हुकूम आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बैठक बसली. बैठक म्हणजे तिघं. मामंजी, त्यांचे चुलतभाऊ आणि आमच्या गावातला म्हातारा धनगर, ज्याच्या शब्दाला मान होता. असली लिखापढी एरवी पटवारी करायचे, पण त्यांचं आणि मामंजींचं त्या उन्हाळ्यात एका बांधावरून बिनसलं होतं. मामंजींना सहीपुरतं यायचं. त्यांनी आत हाक मारली.

"सूनबाई, दऊत-टाक घेऊन ये. दाराशी बस."

लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि ओसरीवरच्या माणसांनी मला कामासाठी बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी पदर सारखा केला, पाटावर कागद ठेवला आणि उंबऱ्याच्या आत बसले.

चुलत सासरे आधी बोलले. "दादा, हुकूम हाय तर यादी बराबर गेली पायजे. मागल्या साली माह्या गोठ्यात एक माणूस मुक्कामाला ऱ्हायला. भाकर मागितली, दिली. म्या काय त्याचं गाव इचारलं? सकाळी उठून तो बाजारात भाषण करून राहिला, आन् ठाण्यात मी दोन दिस उकिडवा बसलो. माह्या गुडघ्याला इचारा."

"मंग त्याच्यापायी पिंजाऱ्याला काहून काढता?" धनगर म्हणाला. "त्यानं कधी भाषण केलं?"

"न्हाई केलं. पण सरकारनं भाषणवाल्याची यादी मागितली न्हाई, बाहेरच्याची मागितली. आन् दुसरी गोष्ट सांगतो. गोरेगावचा पिंजारी आपल्या गावात बापाच्या वेळेपासून येत होता. हा आला तवापासून त्याला इथं एक गादी भेटली न्हाई. त्याची लेकरं काय खातील? तो मुलखाचा न्हाई का?"

धनगरानं थोडा वेळ जमिनीवर काठीनं रेघा ओढल्या. "आमी दर साली मेंढरं घेऊन नदीपल्याड जातो. चार-चार म्हयने ऱ्हातो. तिकडच्यांचं गवत खातात आमची मेंढरं. उद्या त्यायनं आमची यादी केली तर?"

"तुमी परत येता. हे परत गेले न्हाईत."

धनगरानं काठी बाजूला ठेवली. तो मामंजींकडे बघत राहिला. मामंजी म्हणाले, "पाटीलकी सरकारची हाय. सरकार म्हणतं लिहा, तर लिहावं लागंल. पण आपल्या हातानं एखाद्याचं घर..." आणि पानाचा डबा पुढे ओढला. पान लावायला घेतलं.

चुलत सासऱ्यांचा मला त्या दिवशी राग आला. आज त्यातला बराचसा उरला नाही. गोरेगावच्या पिंजाऱ्याची लेकरं खरी होती आणि त्यांचे गुडघेही खरे होते.

यादी सुरू झाली. पहिलं नाव किराणा दुकानदाराचं निघालं. त्याचे आजोबा मारवाडातून आलेले, पण त्याच्याकडे मुल्कीचा कागद केव्हाचा होता, म्हणून ते सुटलं. सुताराची सून वऱ्हाडची होती, तिच्यावर चुलत सासरे म्हणाले, "बाई नवऱ्याच्या मुलखाची. तिला कोण धरतं?"

मला काय झालं कुणास ठाऊक. उंबऱ्याच्या आतून मी विचारलं, "आन् मी?"

तिघांनी एकदम दाराकडे पाहिलं. मोठ्यांच्या बोलण्यात सुनेनं बोलायची पद्धतच नव्हती. मग मामंजी हसले आणि म्हणाले, "तू घरची गं. तू लिहिणारी, तुझं नाव कोण लिहिणार?"

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की अंगावर काटा आला. सात वर्षांत मला कोणी घरची म्हटलं नव्हतं.

मग पिंजाऱ्याचं नाव आलं. मी नाव लिहिलं, बायकोचं लिहिलं, गाव लिहिलं, धंदा लिहिला. मामंजी म्हणाले, "किती वर्सं झाली त्यायला?"

चुलत सासऱ्यांना आठवेना. धनगर म्हणाला, "झाली की लई. माह्या थोरल्याच्या लग्नाच्या आधी आला. का मागून? मागून असंल." मामंजी दाराकडे वळले. "सूनबाई, तुला ठावं असंल. तुझ्यापाशी बसती ती. किती लिहायची?"

आज मला वाटतं, त्यांनी तो आकडा मुद्दामच माझ्यावर सोडला. त्यांच्या तोंडून खोटं निघालं नसतं आणि खरं निघू नये असं त्यांना वाटत होतं. मी पंधरा म्हटलं असतं तर तिघांनीही मान हलवली असती. कोणी मोजायला जाणार नव्हतं.

मी म्हणाले, "नऊ."

का म्हणाले? वडिलांनी खरं बोलायला शिकवलं होतं, हे एक कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत आले. मामंजींची पाटीलकी जाईल ही भीती, हे दुसरं. दोन्ही थोडी थोडी खरी आहेत. पण त्या क्षणी माझ्या मनात होतं ते एवढंच, की ही माणसं मला विचारताहेत आणि मला बरोबर उत्तर येतंय. शाळेत पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करते तसं मी ते उत्तर दिलं. मी घरची होते, आणि घरच्या माणसासारखं चोख काम करून दाखवायचं होतं.

"नऊ," मामंजी म्हणाले. "लिही मग."

मी लिहिलं. अक्षर फार छान आलं होतं.

साधारण महिन्यानं तोच जवान परत आला आणि पिंजाऱ्याच्या दारात उभा राहून सांगून गेला. पंधरा दिवसांत मुल्कीचा कागद दाखवा, नाहीतर मुलूख सोडा. पिंजारी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला चालत गेला. दोन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला सांगितलं, नुसतं बसून काय होतं, अर्ज आण.

मावशी आमच्या परसात आली. मी भांडी घासत होते. ती तुळशीजवळ टेकली आणि म्हणाली, "पोरी, मले एक अर्ज लिवून दे. तुह्यासारखं अक्षर कोनाचं नाई. बारा-पंधरा वर्स झाले म्हनून लिव."

माझा हात राखेतच राहिला. अर्जात पंधरा आणि यादीत नऊ, दोन्ही एकाच हाताचं अक्षर. मला सांगावंच लागलं.

"मावशी, यादीत नऊ गेलेत. यादी मी लिहिली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत कापसाचे बारीक तंतू जाऊन ते कायम लालसर असायचे, त्यामुळे ती रडते आहे की नाही ते कळायचं नाही. मग ती म्हणाली, "खरंच लिवलं नं तुनं. नऊच झाले." आणि पदराला हात पुसून उठली, जसं काही तीच राखेत हात घालून बसली होती.

अर्ज मी लिहिलाच. नऊ वर्षं राहिले, गावात कोणाशी तंटा नाही, गावाला यांची गरज आहे, असं सगळं लिहिलं. खाली मामंजींनी सही केली, धनगरानं अंगठा दिला. आणि चुलत सासरे स्वतःहून आले, त्यांनीही अंगठा दिला. म्हणाले, "त्यायनं जावं असं मला कुठं वाटतं? पण यादी यादी हाय." त्या अर्जाचं पुढे काय झालं, ते कळलं नाही. उत्तरच आलं नाही, आणि पंधरा दिवस मात्र संपले.

ती दोघं गेली त्या दिवशी धनगरानं आपलं तट्टू त्यांच्या सामानासाठी दिलं. दोन गाठोडी, एक पेटी, तवा. पिंजण मात्र पिंजाऱ्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. गावातल्या बऱ्याच बायका वेशीपर्यंत गेल्या. प्रत्येकीच्या घरात मावशीच्या हातची रजई होती. मी गेले नाही. आत्याबाई म्हणाल्या, "जा, भेटून ये," आणि मी म्हणाले, "भाकरी व्हायच्यात." मग माळवदावर चढले. आमच्या घरावरून नदीकडची वाट लांबपर्यंत दिसायची. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील, ज्वारीच्या ताटांमधून तट्टू दिसायचं, लपायचं, पुन्हा दिसायचं. मावशी एकदाही मागं वळली नाही. कदाचित वळली असेल, मला दिसलं नसेल. मी खाली आले तेव्हा आत्याबाईंनी भाकरी थापून ठेवल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. घडलं काही नाही. थंडी पडली, गोरेगावचा पिंजारी येऊ लागला. भला माणूस होता, हात चांगला होता, पण दुपारी येऊन संध्याकाळी जायचा. चावडीमागच्या खोपटाशी मी काही दिवस उगाच जाऊन यायचे. मग ते सोडलं. गावातल्या कोणी मला दोष दिला नाही, कारण कोणाच्या डोक्यातच आलं नाही. यादी सरकारची, आकडा खरा. मला कोणी एकदा तरी विचारायला हवं होतं, की तू असं कसं केलंस. यजमान होळीला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू काय करणार होतीस? खोटं लिहून सापडली असतीस तर बाबा आत गेले असते." ते बरोबर होतं. मी पान वाढलं.

बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा माझं बोलणंच बदललं. दोन-तीन वर्षांनी धाकट्या भावाच्या लग्नाला माहेरी गेले, तर भावजया हसू लागल्या. "काहून, न्हाई, व्हय! हे तं मोगलाईवाली होऊन आली." मी त्यांच्याबरोबर हसले.

त्याच खेपेला लग्नाचा बाजार करायला रिसोडला गेलो होतो. बांगड्यांच्या दुकानापुढे गर्दी होती म्हणून मी बाजूला उभी राहिले, आणि समोरच्या भिंतीशी मावशी बसलेली दिसली. पुढ्यात लहान मुलांच्या दुपट्यांचा ढीग. ती खूप वाळली होती. डोळे मिचकावून बघत होती. मी जवळ जाऊन बसले तरी तिला ओळख पटली नाही. "मावशी" म्हणाले तेव्हा तिनं माझा हात चाचपला.

"माही पोरगी आली का?" ती म्हणाली, आणि लगेच विचारायला सुरुवात केली. पाटील कसे आहेत. धनगराच्या थोरल्याला काय झालं. सुताराच्या सुनेचं पोटातलं दुखणं थांबलं का. चावडीपुढच्या लिंबावर अजून मधाचं पोळं बसतं का. तिला गावातल्या इतक्या गोष्टी ठाऊक होत्या की निम्म्यांची उत्तरं मला देता येईनात. मी त्या गावात राहत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

"तुमचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"पुतन्याच्या घरी हावोत. सुईत दोरा जात नाई आता, त्याची पोरगी घालून देते. घरधन्याले काम नाई. इथं लोक आमाले मोगलाईवाले म्हन्तात." ती हसली. "आमच्याच गावात."

मी तेव्हा तिच्या पायाला हात लावला. तीन वर्षं घोकलेलं वाक्य होतं, ते बोलले. "मावशी, माझं चुकलं. मला माफ कर."

तिनं दुपट्यांचा ढीग नीट रचला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला नको होतं, गेलं. मग ती म्हणाली, "तवा म्या म्हनलं होतं नं, खरंच लिवलं म्हनून?"

"हो."

"ते तुह्यं तोंड पाहून म्हनलं होतं. पन मी तुह्या जागी असती तं पंधरा लिवले असते, पोरी. पंचवीस लिवले असते." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या टाक्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "पन मले लिवताच येत नाई."

मला भावजयांनी हाक मारली. मी उठले. जाताना तिनं एक दुपटं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "तुह्या लेकराले." मला लेकरू नव्हतं आणि ते मी तिला सांगितलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षं माहेरी जाणं झालं नाही. वडील गेले तेव्हाही उशिरा कळलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र सगळं गावच नदी ओलांडून गेलं. राज्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. आमच्या बाजूची दोन गावं रझाकारांनी जाळली, तेव्हा मामंजींनी पाटीलकीचा राजीनामा दिला आणि गाड्या जुंपल्या. आत्याबाई आणि मी माझ्या माहेरी भावाकडे राहिलो. पाच महिने. मला वाटलं होतं, निदान आता मी आपल्या माणसांत आहे. पण भावाच्या गावात रोज नव्या गाड्या येत होत्या, विहिरीला पाणी कमी होतं, आणि पारावर लोक उघड बोलू लागले होते की या मोगलाईवाल्यांना किती दिवस ठेवायचं, सरकारनं यांना छावणीत न्यावं. त्यांचंही चूक नव्हतं. पाणी खरंच कमी होतं.

त्या दिवसांत मी आत्याबाईंना विहिरीवर एकटं उभं राहिलेलं पाहिलं. बाकीच्या बायका घागरी भरून जाईपर्यंत त्या बाजूला थांबायच्या. कोणी काही विचारलं तर "व्हय" म्हणायच्या, आणि कोणीतरी हसायचं. मी जाऊन त्यांच्या हातातली घागर घ्यायचे. एकदा वाटेत त्या म्हणाल्या, "तुला बी असंच वाटत होतं का गं, आली तवा?" मी म्हटलं, "हो." त्या दिवसापासून आत्याबाई रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसू लागल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदाच बोललो.

रिसोड तिथून तीन कोस होतं. मी मावशीकडे जाऊ शकले असते. गेले नाही. त्या वेळी मुसलमानांच्या घरी जायला लोक नाव ठेवत होते, आणि मोगलाईतून पळून आलेल्या बाईनं जायचं म्हणजे तर विचारायलाच नको. हेही कारण खरं आहे. माझ्याजवळ खरी कारणं नेहमी असत.

पाऊस सरता सरता फौजा आल्या, राज्य संपलं. आम्ही परत गेलो तेव्हा उतारावर नाका नव्हता. घराचं एक दार गेलं होतं, बाकी धड होतं. त्या थंडीत यजमान मला म्हणाले, "रिसोडला सरकीचं काम आहे, चलतेस का? भावाला भेटून येशील." मी म्हणाले, भावाला नाही, दुसऱ्या माणसाला भेटायचं आहे.

पुतण्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारातल्या बाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मी कोण ते विचारलं आणि सांगितलं, चाची दोन उन्हाळ्यांमागं गेली. ताप आला आणि चार दिवसांत गेली. चाचा आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं, आणि माणसं लक्षात राहत नाहीत.

म्हातारा अंगणात उन्हाला बाजेवर बसला होता. मी समोर बसले. त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्या डाव्या तळहाताला पिंजणाचा घट्टा तसाच होता.

"कोन गावची वं?" त्यानं विचारलं.

मी माझ्या सासरच्या गावाचं नाव मोठ्यानं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"तिथं आमचं घर हाय," तो म्हणाला. "चावडीच्या मांगं."

खोपट पडून सहा वर्षं झाली होती. मी म्हणाले, "पडलं ते, चाचा."

"पडनारच," तो म्हणाला. "शाकारलं नसन कोनी."

"नाही. कोणी नाही."

त्यानं मान हलवली. मग पुन्हा विचारलं, कोन गावची वं. मी पुन्हा सांगितलं. पुतण्याच्या बायकोनं चहा आणून दिला, तो आम्ही दोघांनी प्यायला. यजमान गाडी घेऊन येईपर्यंत मी तिथंच बसून होते, आणि तो मला परत परत गाव विचारत होता.